काठीच्या मापाची गाडी

गाडी घ्यायची असली की नोंग साय आणि आसपासच्या तीन गावांतली माणसं आधी खाम्पानकडे यायची. बायकोची समजूत, भिक्खूंनी काढून दिलेला मुहूर्त, रंगाचा शकुन-अपशकुन, हे सगळं त्यानंतर. खाम्पान बरोबर जायचा, गाडीला एक फेरी मारायचा, इंजिन सुरू करायला लावून डोळे मिटून ऐकायचा आणि शेवटी एकच शब्द बोलायचा. एक तर "घे", नाही तर "चल". त्याने "चल" म्हटलेली गाडी एका शहाण्याने हट्टाने घेतली होती. ऐन भातलावणीत तिचं इंजिन बसलं आणि रोपांच्या जुड्या खांद्यावरून न्यायची पाळी आली. तेव्हापासून खाम्पानचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली. तो स्वतःबद्दल फारसं बोलत नसे, कारण त्याच्याबद्दल बोलायला चार गावं होती.

अशा माणसाची स्वतःची गाडी तेवीस वर्षांची होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ती गाडी म्हणजे चाकांवरचा बाजार होता. पुढे दोघांपुरती केबिन, मागे हौदा, हौद्याच्या कडांवर बसवलेला लोखंडी सांगाडा, आणि त्या सांगाड्याला चारी बाजूंनी रबराने अडकवलेल्या दीडशे-दोनशे पिशव्या. झाडाला कैऱ्या लागाव्यात तशा त्या लटकत असायच्या. एका पिशवीत चार लांब वांगी, एकीत मूठभर मिरच्या, एकीत गवती चहाच्या काड्या, एकीत शेपू. आत बर्फाच्या पेटीत मासे आणि डुकराचं मटण, टोपल्यांमध्ये वाफवलेले बांगडे. कुठलीही पिशवी घ्या, किंमत दहा बात. खाम्पान गाडी चालवायचा, त्याची बायको लमाय मागे उभी राहून विकायची. उजाडता उजाडता पहिलं फाटक, आणि ऊन चढेपर्यंत एक्केचाळीस फाटकं. या गावांत कमावती माणसं उरली नव्हती. ती बँकॉकला आणि रायोंगच्या कारखान्यांत होती. घरी होत्या म्हाताऱ्या आणि त्यांच्या गळ्यात टाकलेली नातवंडं. तालुक्याच्या बाजारात जाणं म्हातारीला झेपत नाही, म्हणून बाजारच तिच्या दारात जायचा.

तूम आजीचं फाटक सातवं. आजीला एक्याऐंशीवं लागलं होतं आणि उंची मुळातच बेताची. ती रोज भाताच्या पेंढ्याची टोपी घालून यायची, हात वर करून शेपूची एक पिशवी रबरातून सोडवायची, दाबायची, नाकाशी धरायची आणि परत अडकवायची.

"ही कालची आहे."

"आज पहाटे घेतली, आजी."

"माझ्यापेक्षा म्हातारी आहे ही."

"तुझ्यापेक्षा म्हातारं या गावात देवळातलं पिंपळाचं झाड तेवढं आहे," लमाय म्हणायची.

दुसरी पिशवी, तिसरी पिशवी, तोच प्रकार. चौथी घ्यायची. चारही पिशव्या एकाच ढिगातून भरलेल्या असायच्या, हे लमायला माहीत होतं आणि बहुधा आजीलाही. तरी वीस वर्षांत एकाही दिवशी आजीने पहिली पिशवी घेतली नव्हती.

एका मंगळवारी दोन गावांच्या मध्ये, भातखाचरांच्या रस्त्यावर, गाडीचा गिअर अडकला तो अडकलाच. मासे गेले, मटण गेलं. बुधवारीही गाडी बुन्मा मिस्त्रीच्या गॅरेजात पडून राहिली. गुरुवारी फेरीला निघाल्यावर कळलं की दोन दिवस दुसरीच गाडी येऊन गेली. तालुक्याच्या गावचा कोंग नावाचा एक तरणाबांड गडी होता. गाडी कोरी, चाकं ही मोठी, हौदा माणसाच्या छातीला लागेल इतका उंच, वर गाणी लावलेला भोंगा. तो हौद्यातच उभा राहायचा आणि वरून गोड आवाजात विचारायचा, "आजी, काय देऊ?"

"मग घेतलंस की नाही काही त्याच्याकडून?" लमायने तूम आजीला विचारलं.

"वांगी घेतली. घरी येऊन चिरली तर चारातली दोन किडकी."

"बघून घ्यायची नाहीस का?"

"बघणार कशी? तो वर, मी खाली. तो देईल ते घ्यायचं." आजीने शेपूची तिसरी पिशवी परत अडकवली. "भिक्खू पात्र पुढे करतात आणि पडेल ते घेतात. त्यांना त्याचं पुण्य लागतं. मी दहा बात देते."

लमाय हसली, पण पुढच्या फाटकांवर तिला दुसरंही ऐकायला मिळालं. पोरगा वेळेवर येतो. पोराची गाडी बंद पडत नाही. पोराला बोलायची रीत आहे. कुणी तोंडावर तोडून बोललं नाही, पण सांगण्यात पुरतं आलं. गाडी अशीच आणखी दोनदा आडवी पडली तर ही एक्केचाळीस फाटकं कोंगची होणार होती. या वयात नवी फाटकं कुठे शोधायची? खाम्पान साठीला आला होता, आणि लमायचे गुडघे त्याच्याही पुढे गेले होते.

बुन्मा मिस्त्रीने आडपडदा ठेवला नाही. "गिअरबॉक्स फार तर महिना काढेल. इंजिन दमलंय. चाकांवर हौदा तोलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांचं तर मी सहा वर्षं सांगतोय. एका अंगाचे पाटे पार बसलेत, लंगड्या म्हशीसारखी उभी राहते ती."

"सरळ चालते ना?" खाम्पान म्हणाला.

"तुला वाटते सरळ."

खाम्पानने ते कानाआड केलं. पाट्यांबद्दल त्याला दुसऱ्याने सांगावं, ही गोष्ट त्याच्या पचनी पडणारी नव्हती.

शोध सुरू झाला. रायोंगहून मुलीचा फोन आला की चार दारांची घ्या, आत गार हवा असलेली, माणसात या जरा. म्हणून आधी तालुक्याच्या नव्या गाड्यांच्या मोठ्या काचेरी दुकानात गेले. तिथल्या मुलीने गार पाण्याचे पेले आणून दिले आणि गाडीला किती प्रकारचे आवाज ओळखता येतात ते सांगितलं. खाम्पानने तिचं सगळं ऐकून घेतलं, हौद्याच्या कडेला हात लावून पाहिला, तर कड त्याच्या छातीशी. त्याने पाणी संपवलं आणि बायकोला म्हणाला, "चल."

घरी आल्यावर लमायने कोयता घेतला आणि कुंपणाची एक बांबूची काठी तोडली. गाडी दुसऱ्या दिवसासाठी निम्मीअधिक भरून भाताच्या कोठाराच्या भिंतीशी उभी होती. लमायने काठी जमिनीवर उभी धरली, हौद्याच्या कडेपाशी नखाने खूण केली आणि बरोबर तिथे छाटली.

"हे काय?" खाम्पानने विचारलं.

"माप. हौद्याची कड या काठीपेक्षा उंच असलेली गाडी मला नको."

"जावई बघतेस का? माप घेऊन कोण गाडी घेतं?"

"जावई बघताना एवढं पाहिलं असतं तर पोर आज रायोंगला एकटी नसती," लमाय म्हणाली. "तुम्ही इंजिन बघा. मी काठी बघते."

"सांगाड्याचे पाय कापून देतो. हवा तेवढा खाली घे."

"मग बर्फाची पेटी कुठे ठेवू, तुमच्या डोक्यावर? ती सांगाड्याखाली आत्ताच घासून जाते."

"रबर लांब लाव."

"लावून पाहिलंय. पिशव्या झोके घेतात. पहिल्या वळणाला टोमॅटोचं सार होतं." तिने काठी भिंतीला टेकवली. "त्या कोंगचं इंजिन तुमच्यापेक्षा नवं आहे. तरी आजी त्याच्याकडून पुन्हा वांगी घेणार नाही. का, ते तुम्ही ऐकलंत."

खाम्पानने ऐकलं होतं. पण दोनशे गाड्या पारखलेल्या माणसाला आपली गाडी बांबूच्या तुकड्याने पसंत करायची, हे काही त्याच्या गळी उतरेना. तो कोठाराच्या पायरीवर बसून चिकट भाताचे गोळे करून खात राहिला.

जुन्या गाड्यांचे तीन अड्डे झाले. पहिल्या अड्ड्यावर खाम्पानने आसनाखालची सतरंजी उचलून वास घेतला, आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर पट्ट्याच्या आतल्या टोकाला वाळलेला गाळ. पुरात बुडालेली गाडी पुसून-पासून विकायला ठेवली होती. "चल." दुसऱ्या अड्ड्यावर एक गाडी त्याच्या मनात भरली, तोवर लमाय काठी घेऊन पुढे झाली. कड काठीच्या वीतभर वर. "चला," लमाय म्हणाली. त्याचा शब्द तिने उचललेला पाहून अड्ड्यावरची दोन पोरं खुसखुसली. तिसऱ्या अड्ड्यावर पुन्हा तेच. परतीच्या वाटेवर खाम्पानने गाडी उगाच जोरात हाकली.

चौथा अड्डा महामार्गालगत, मालीवान नावाच्या बाईचा. तिथे मागच्या रांगेत एक निळी गाडी होती. बारा वर्षांची, साध्या दोन दारांची, मालक एकच, तो फळझाडांची रोपं विकणारा. खाम्पानने इंजिन गार असतानाच सुरू करायला लावलं. मग ते चालू ठेवून पाव तास नुसता उभा राहिला. तेलाची कांडी काढून दोन बोटांत तेल चोळलं. गाडीखाली उताणा सरकला, खालची लोखंडी चौकट नाण्याने वाजवत पुढून मागे गेला. बाहेर आला तेव्हा पाठीला धूळ होती आणि चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी समाधान होतं. "घे," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं, तो स्वतःलाच म्हणाला.

लमायने काठी लावली. कड तीन बोटं वर.

"चला."

"अगं, तीन बोटं."

"तीन बोटं म्हणजे पिशवी हाताला लागते आणि रबर सुटत नाही."

मालीवान खुर्चीवर बसून पेरूच्या फोडी मिठात बुडवून खात होती. तिने काठी पाहिली, लमायला पाहिलं आणि विचारलं, "ताई, तुमची गाडी भरलेली मोजलीत की रिकामी?"

लमायने काठीकडे पाहिलं.

"भरलेली," ती म्हणाली.

"मग हिलाही भरा." मालीवानने हाका मारल्या. गाड्या धुणारे दोघे आले, रंगारी आला, स्वयंपाकीण हातातली पळी घेऊन आली, मालीवानचे वडील आतून काठी टेकत आले. सगळे हौद्यात चढून मांड्या घालून बसले. तरी अर्ध्या बोटाची फट राहिली, तेव्हा मालीवान स्वतः पेरूची ताटली घेऊन वर चढली. ती अंगाने भरलेली होती. गाडी कुरकुरली आणि कड काठीच्या टोकाला येऊन टेकली. लमायने काठी दोन्ही बाजूंनी लावून पाहिली. तंतोतंत.

"आता?" खाम्पान म्हणाला.

"आता घ्या," लमाय म्हणाली.

एकच अडचण उरली. खाम्पान रविवारचा, आणि रविवारी जन्मलेल्याला निळी गाडी चालत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. त्यावर मालीवानकडे तोडगा तयार होता. तिने खणातून एक चिकटपट्टी काढून मागच्या काचेवर लावली. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ही गाडी लाल आहे.' एवढ्यावर ग्रहांचं समाधान होतं, हा सगळ्यांचाच अनुभव होता.

मुहूर्ताच्या दिवशी जुन्या गाडीचा सांगाडा उतरवून नवीवर चढवला. लमायने जुन्या गाडीपुढे उदबत्त्या लावून तिच्यात राहणाऱ्या देवीला हात जोडले. "आई, जुनं घर गळायला लागलंय. नवं पाहिलंय. इंजिन यांनी बघितलंय, बाकीचं मी बघितलंय. चल." मग आरशाला बांधलेली रंगीत फडकी आणि सुकलेला हार सोडून निळ्या गाडीत नेला. भिक्खूंनी केबिनच्या छताला आतून आशीर्वादाचे पांढरे ठिपके लावले. जुनी गाडी बुन्माने सुट्या भागांसाठी आपल्या गॅरेजात नेली. खाम्पानने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. नवी गाडी किल्ली फिरवताच सुरू होत होती, आणि त्याच्या कानाला त्यातच गुंतून राहावंसं वाटत होतं.

पहिल्या सकाळी सहा फाटकं सुरळीत गेली. ती बऱ्यापैकी उंच बायकांची होती. सातव्यावर तूम आजी टोपी घालून आली. तिने गाडी पाहिली, काचेवरची पट्टी पाहिली. हात वर केला. बोटं पिशवीच्या तळाला लागली आणि पिशवी झुलली. आजीने टाचा उचलल्या. पिशवी जास्त झुलली. रबर बोटांच्या चार बोटं वर राहिलं. तिने हात खाली घेतला, टोपी मागे सरकवली आणि पुन्हा एकदा करून पाहिलं. मागे उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्या आपापल्या चपलांकडे बघायला लागल्या.

लमायने वरून हात घालून पिशवी सोडवली आणि पुढे केली.

"राहू दे," तूम आजी म्हणाली. "आज शेपू नको."

"वांगी?"

"तीही नको. काल रात्रीचं कालवण आहे अजून."

ती वळली आणि रिकामी परडी घेऊन आत गेली. त्या सकाळी असं आणखी आठ-नऊ फाटकांवर झालं. तिथल्या म्हाताऱ्यांनी मात्र लमायच्या हातून पिशव्या घेतल्या. न दाबता, न हुंगता घेतल्या आणि पैसे दिले. शेवटचं फाटक झाल्यावर लमाय केबिनमध्ये येऊन बसली, आणि खाम्पानने विचारलं तेव्हा काठी मागितली. रस्त्यातच उतरून तिने काठी लावली. हौदा माप घेतलं तेव्हाच्यासारखा निम्मा भरलेला होता आणि कड काठीला बरोबर.

"मग म्हातारी रात्रीत आखूड झाली म्हणायची," खाम्पान म्हणाला.

"नऊ म्हाताऱ्या?" लमाय म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने लपवलं नाही. "मी काय विकते ते कळतंय का तुम्हाला? कोंगकडेही वांगीच आहेत."

खाम्पानला ते कळत होतं. म्हणून तो दुपारी जेवण सोडून काठी आणि नवी गाडी घेऊन बुन्माच्या गॅरेजात गेला.

जुनी गाडी गॅरेजच्या मागे सिमेंटच्या ओट्यावर उभी होती, सांगाडा काढल्याने उघडी-बोडकी. खाम्पान तिच्या मागे जाऊन उभा राहिला. तेवीस वर्षांत तो तिच्यामागे असा नुसता उभा राहिला नव्हता. तो कायम आत बसलेला असायचा. त्याने उजवीकडे काठी लावली. कड काठीच्या बोटभर वर, रिकामी असल्यामुळे. मग डावीकडे लावली. कड काठीच्या तीन बोटं खाली. दोन्ही अंगांत चार बोटांचा फरक होता.

त्याला सगळं एकदम दिसलं. घरी गाडी नेहमी डावं अंग कोठाराच्या भिंतीला लावून उभी असायची, म्हणून लमायने उजवीकडचं माप घेतलं. पण गिऱ्हाईक सगळं डावीकडे. एक्केचाळीस फाटकांवर रोज डावी चाकं रस्त्याच्या कडेला उतरायची, लमायने बर्फाची पेटी हाताशी हवी म्हणून डावीकडेच ठेवलेली, डाव्या कडेला म्हाताऱ्या रेलायच्या. तेवीस वर्षांत डावे पाटे बसत गेले, आणि तूम आजी आखूड होत गेली. दोघींना एकमेकींचा फरक कळला नाही. गाडी तिच्याकडे वाकत आली होती आणि गाड्यांतलं सगळं समजणाऱ्या माणसाला तेच तेवढं समजलं नव्हतं. खाम्पानला लाज वाटली. भरदुपारी त्याचे कान गरम झाले.

बुन्मा पान्हा पुसत मागे येऊन उभा राहिला. "सहा वर्षं सांगतोय."

"मला आतून कधी जाणवलं नाही."

"कसं जाणवेल? तुझी मान पण डावीकडेच कललेली असते. गावात लांबून ओळखतात तुला."

खाम्पानने मान सरळ केली. त्याला ती वाकडी वाटायला लागली. मग तो म्हणाला, "नव्या गाडीचा डाव्या अंगाचा एक पाटा काढ."

बुन्माने पान्हा ओट्यावर ठेवला. "काय म्हणालास?"

"ऐकलंस."

"माणसं माझ्याकडे वाकडी गाडी सरळ करायला आणतात. तू सरळ गाडी वाकडी करायला आणतोयस? टायर एका अंगाने झिजतील. ब्रेक दाबलास की ओढेल. उद्या ही गाडी कुणी तुला दाखवायला आणली तर तू काय म्हणशील?"

"चल म्हणेन."

"आणि लोक काय म्हणतील? खाम्पानने आयुष्यभर दुसऱ्यांना गाड्या पारखून दिल्या आणि स्वतः वाकडी घेऊन आला. पुन्हा कोण बोलावेल तुला?"

खाम्पानने याचा विचार गॅरेजात येतानाच केला होता असं नाही. आता केला. चार गावांत त्याच्याजवळ त्या एका शब्दाशिवाय मिरवण्यासारखं काही नव्हतं. शेती थोडी होती ती भावाकडे गेली, मुलगी लांब, देवळाच्या सणाला पहिल्या रांगेत बसवतात ते त्या शब्दासाठी. तो ओट्यावर बसला, काठी मांडीवर आडवी घेऊन. बुन्माने घाई केली नाही.

"काढ," खाम्पान म्हणाला.

"बाकीच्यांना सांगू का, मुद्दाम काढला म्हणून?"

"नको. म्हातारीच्या कानावर गेलं की ती घ्यायची नाही. दया केलेली तिला खपत नाही."

बुन्माने पाटा काढला. तीन बोटं उतरली. आणखी एक पाटा काढायला त्याने साफ नकार दिला, तेव्हा राहिलेलं एक बोट बर्फाची पेटी अगदी डाव्या कडेला सरकवून भागवलं. बुन्माने मागे उभं राहून पाहिलं. "लाल म्हणवणारी निळी गाडी आणि सरळ म्हणवणारा वाकडा मालक," तो म्हणाला आणि मजुरी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सातव्या फाटकाच्या अलीकडे भोंगा ऐकू आला. कोंग त्या रस्त्याने नुकताच पुढे गेला होता. तूम आजी फाटकाच्या आत उभी होती, डोक्यावर टोपी, हातात परडी. परडी रिकामी होती. ती बाहेर आली नाही. खाम्पानने डावी चाकं रस्त्याखाली उतरवून गाडी थांबवली. लमायने हाक मारली नाही. ती फाटकाकडे पाठ करून माशांच्या टोपल्या लावत बसली, त्या आधीच लावलेल्या होत्या.

बऱ्याच वेळाने फाटक वाजलं. खाम्पानने आरशात पाहिलं. आजी गाडीपाशी येऊन उभी होती. तिने पिशव्यांकडे पाहिलं, इकडे-तिकडे कुणी नाही असं पाहिलं आणि हात वर केला. रबर सुटलं. तिने पिशवी दाबली, नाकाशी धरली आणि परत अडकवली.

"ही कालची आहे."

"आज पहाटेची आहे, आजी," लमाय पाठमोरीच म्हणाली. 

"मग वास कुठे गेला तिचा?"

दुसरी. तिसरी. तोवर कालच्या दोन म्हाताऱ्याही येऊन वांगी दाबायला लागल्या. आजीने चौथी पिशवी परडीत टाकली, दहा बात दिले आणि जाता जाता दोन पावलं मागे होऊन गाडीकडे पाहिलं. डोकं एका बाजूला करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला. मग ती केबिनच्या खिडकीशी आली.

"खाम्पान, तुझी गाडी वाकडी आहे रे."

"हो, आजी."

"सगळ्या गावाला शहाणपण सांगतोस आणि स्वतः फसलास?"

मागच्या म्हाताऱ्या ऐकत होत्या. दुपारपर्यंत हे चार गावांत होणार, हे खाम्पानला ठाऊक होतं. लमायने टोपल्या लावायचं थांबवलं.

"फसलो, आजी," खाम्पान म्हणाला आणि गाडी पुढच्या फाटकाकडे नेली.